माझ्या छपरावरचे एकवीस प्रसंग

औद्योगिक सुरक्षेच्या त्या पदव्युत्तर वर्गात छपरावर चढलेला माणूस मी एकटाच होतो. बाकीचे सगळे टेबलावरून आलेले. मुरबाडच्या कारखान्यांच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवून नवे टाकायचा माझा ठेका आहे. बी.एस्सी. करताना सुट्टीत त्याच पत्र्यांवर मजुरी केली, मग स्वतःची चार माणसं जमवली, मग आठ. सगळी आटगावच्या आसपासची.

शिकायला गेलो ते रागानं. पंचविशीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्यानं छपरावर चढायचं माझं परमिट अडवलं आणि माणसं दिवसभर खाली बसून राहिली. निदान अर्ध्या शेडचं तरी द्या म्हणून मी घासाघीस केली, तर म्हणाला, "शेठ, हा बाजार नाही. तुम्हाला यातलं कळणार नाही." त्याच महिन्यात मी फी भरली. दर रविवारी शहापूरहून मोटारसायकलनं कल्याणला जायचो.

सुरुवात छान झाली. सरांनी विचारलं, जुन्या पत्र्यावर पाय कुठे ठेवायचा? मी सांगितलं, नटांच्या रांगेवर, कारण तिच्याखाली लोखंडी पट्टी असते. आणि उजेडासाठी टाकलेला प्लॅस्टिकचा पत्रा ओळखायला शिका. धूळ बसली की तो इतरांसारखाच दिसतो आणि माणसाचं वजन घेत नाही. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

वर्गातल्या एका मुलीनंही. ती मुरबाडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. तानसाच्या बाजूच्या एका पाड्यातली, सव्वीस वर्षांची. मला काका म्हणायची. मी एक्केचाळीसचा होतो.

दुसऱ्या सहामाहीत प्रकल्प आला. एका कामावरचे थोडक्यात टळलेले अपघात शोधायचे, ज्यांना पुस्तकात निअर मिस म्हणतात. मला वाटलं, हा तर माझ्या घरचाच विषय. शेडवर वही घेऊन उभा राहिलो.

"तीन वर्षांत पडता पडता कोण वाचलंय?"

"कोण नाय, शेठ."

"पाय तरी घसरला असेल कोणाचा?"

"तसा काय नाय."

मी शून्य लिहिलं, अभिमानानं लिहिलं. कारण म्हणून माझा नियम लिहिला. ज्याचा पाय घसरला त्याला मी त्या दिवशी घरी पाठवतो. घाबरलेल्या माणसाच्या पायावर भरवसा ठेवायचा नसतो.

पुढच्या रविवारी ती आली. "काका, आमच्या लॅबमधून काय निघणार? तुमच्या माणसांशी दोन दिवस बोलू का?"

"मग माझ्या अहवालातल्या आकृत्या तू काढायच्या."

"चालेल."

"टायपिंगपण."

"मग तीन दिवस द्या."

दिले. आयता टाईप झालेला अहवाल, आणि बदल्यात काय, तर पोरगी तीन दुपारी माझ्या माणसांत बसणार. सौदा माझ्या बाजूनं झाला असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दुपारी मी लांबून बघत होतो. शेडच्या सावलीत तिचा डबा त्यांच्या डब्यांत उघडा होता आणि सगळे हसत होते. मी जवळ गेलो तसं हसणं थांबलं.

"काय चाललंय?"

"काय नाय शेठ. ताई लोणचा वाटते."

माझ्यासोबत ती माणसं इतकी वर्षं जेवली आहेत. असं हसलेली मला आठवत नाहीत.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. माझा अहवाल त्यांनी चाळला, शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आकृत्या सुबक आहेत."

मग ती उठली. तिच्याकडे एकवीस प्रसंग होते. कोणाचं नाव नाही, फक्त 'एक ठेकेदार'. पण प्रत्येक शेड मी ओळखली. चौदावा प्रसंग असा होता. एक माणूस धुळीनं माखलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर उभा राहिला आणि कमरेपर्यंत आत गेला. सुरक्षेचा पट्टा अंगावर होता, हूक कुठेच अडकवलेला नव्हता. कोपरांवर लोंबकळला, दोघांनी ओढून काढला. ठेकेदार तेव्हा खाली ऑफिसात दर ठरवत होता.

तो दर मला आठवतो. आणि त्या आठवड्यात माझ्या चुलतभावाची कोपरं सोलवटली होती, तेही आठवतं. पहिल्या दिवसापासून तो माझ्याबरोबर आहे. गाडीवरून पडलो म्हणाला होता. मी त्याला गाडी सांभाळून चालव म्हणून झापलं होतं.

"त्यांनी हे का लपवलं?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पाय घसरला की ठेकेदार घरी पाठवतो. त्या दिवसाची हजेरी जाते. त्यांच्या लेखी तो दंड आहे."

"मग तुम्हाला कसं सांगितलं?"

"पडलात का, असं मी विचारलंच नाही. कुठल्या पत्र्याची भीती वाटते, एवढंच विचारलं."

बाहेर मी तिला गाठलं. "माझ्याच पत्र्यांवरून वर चढलीस."

"हो, काका," ती म्हणाली. "प्लॅस्टिकच्या पत्र्याचं तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. तिथूनच विचारायचं सुचलं."

तिचा पहिला नंबर आला. मी नुसता पास. वर्गाच्या ग्रुपवर तिचा पुष्पगुच्छ घेतलेला फोटो आला, तो मी किती वेळा उघडला ते सांगत नाही. नंबर गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जास्त जळलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. माझ्या भावानं मला न सांगितलेलं तिला तीन दुपारींत सांगितलं होतं.

सोमवारी कामावर त्याला बाजूला घेतलं. "कोपर कसं आहे?"

तो समजला. "ताई नाव नाय घेणार बोलली होती."

"नाही घेतलं. मला सांगता येत नव्हतं?"

"तुला सांगून काय, दादा? तू घरी पाठवला असता."

"तुझ्या भल्यासाठीच ना?"

"त्या भल्याची घरी भाजी होत नाय."

मी सगळ्यांना गोळा केलं. विचारलं, "आज कुठल्या पत्र्याची भीती वाटते?"

"हा तर ताईचा सवाल हाय, शेठ," एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. माझे कान तापले. एरवी शिव्या दिल्या असत्या. त्याऐवजी म्हणालो, "जो सांगेल त्याची हजेरी जाणार नाही."

"आणि वर नाय चढला तर?"

"तरी पूर्ण."

कोणी काही बोलेना. ही गप्प बसायची रीत माझीच आहे. समोरचा आपणहून वाढवतो, म्हणून मॅनेजरसमोर मी वर्षानुवर्षं असाच बसलो आहे. शेवटी भाऊ म्हणाला, "हजेरीच्या वहीत लिहून दे, दादा."

लिहून दिलं. खाली सही केली.

मग त्यांनी सांगितलं, पन्हाळीकडचा तिसरा आणि पंख्याच्या वरचा. दोन्हींवर फळ्या टाकल्या, हूक अडकवले, काम सुरू झालं.

दोन. तिला एकवीस मिळाले होते.

आता मी रोज सकाळी विचारतो. कधी एक पत्रा सांगतात, कधी नुसते हसतात. परवा भाऊ म्हणाला, "ताईला एकदा बोलव ना शेडवर."

"कशाला?" मी म्हणालो. "लोणचं मी आणीन."