भिंतीपलीकडची विहीर

निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या माणसास आमचे गाव वाटेत लागते. तेथील कचेरीसमोरच्या पडवीत मी अर्ज लिहिण्यास बसतो, त्यास आता बरीच वर्षे झाली. शिक्षण म्हणाल तर मराठी सातवीच्या फायनलच्या परीक्षेपर्यंत मी पोहोचलो नाही. ही गोष्ट मी कधी लपविली नाही, तशी आपण होऊन कोणास सांगितलीही नाही. परंतु ऐन उमेदीत बेळगावास कॅम्पाजवळ एका वकिलाच्या कारकुनापाशी बसून मी जे शिकलो, ते पुष्कळ मास्तरांनाही अवगत नसते. मामलेदारापुढे शब्द कसा ठेवावा, कलेक्टरापुढे कसा ठेवावा आणि म्युनिसिपालिटीपुढे कसा, या निराळ्या विद्या आहेत. आमच्या भागात त्या सर्व जाणणारा मजखेरीज कोणी असेल असे मला वाटत नाही.

माझे घर गल्लीच्या टोकाला. मागील भिंतीपलीकडे गल्लीची विहीर होती. पत्नी लवकर वारली, मूलबाळ नव्हते, आणि पुन्हा लग्नाचे मी मनावर घेतले नाही. त्यामुळे घरात आवाज असा माझाच, तोही लिहिलेला अर्ज वाचून पाहण्यापुरता. मात्र पहाटे रहाट करकरू लागला की भिंतीपलीकडे गल्ली जमे. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाची म्हैस आटली, खानापूरच्या जंगलातून आलेला कोळसा कसा ओला निघाला, हे सारे मला अंथरुणातच कळे. सर्वांआधी पाण्यास येणारी एक म्हातारी होती. तिला सगळी गल्ली आक्का म्हणे. ती भिंतीकडे तोंड करून रोज विचारी, "उठलासा काय, आण्णा?" बायकांना भिंतीवरून ओरडून उत्तर देणे माझ्यासारख्या माणसास शोभले नसते. मी फक्त खाकरत असे. तेवढ्याने तिचे समाधान होई, कोणीतरी हसे, आणि माझा दिवस सुरू होई.

हल्लीची जर्मनांशी चाललेली लढाई सुरू होण्याच्या काही वर्षे आधी विहिरीच्या पश्चिमेस एका व्यापाऱ्याने तंबाखूची वखार घातली. उघड्या अंगणात तंबाखू झोडून चाळण्याचे काम चाले. वारा सुटला की पिवळट भुकटीचा खकाणा उठे आणि विहिरीत उतरे. पाण्यावर तपकिरी साय धरू लागली. घागर बुडविण्याआधी बायका ती हाताने बाजूला सारीत. पाण्यास कडवटपणा आला. तेव्हा एके दिवशी आक्का माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. म्हणाली, "साऱ्या तालुक्याचं लिवता, आण्णा, आपल्या गल्लीचं बी लिवा की. च्या केला तरी तंबाखूच पितोय बगा आमी."

मागणे साधे होते. चाळण्याचे काम गावाबाहेर न्यावे, ते न जमल्यास अंगणास छप्पर आणि आडभिंत घालावी. परंतु आमच्या धंद्याचा नियम असा की हातभर हवे असेल तर पुरुषभर मागावे. लिहिणारा वाढवितो, वाचणारा तितकेच घटवितो, आणि मध्ये उरते ते खरे. त्या नियमास धरून मी लिहिले की, सदर विहिरीचे पाणी केवळ विषवत झाले असून मुकी जनावरेदेखील त्यास तोंड लावीत नाहीत व लहान मुले ते पिऊन अत्यवस्थ होत आहेत. वास्तविक जनावरे पीत होती आणि मुलेही हुंदडत होती. पण 'पाणी किंचित कडू लागते' असे लिहिलेला कागद कोणत्या कचेरीत कोणी उघडून पाहिला आहे? त्या अर्जाखाली गल्लीतल्या सर्वांचे अंगठे होते. अक्षर तर असे साधले होते की पाठविण्यापूर्वी मी तो दोन दिवस नुसता जवळ ठेवला.

म्युनिसिपालिटीची सभा मंडईच्या माडीवर भरे. बाहेरच्यांनी ऐकावे, बोलू नये, असा कायदा होता आणि त्यासाठी भिंतीलगत एक बाक टाकलेला असे. त्या बाकावर मी एकटाच बसत असे. सभासद अर्धे कानडीत, अर्धे मराठीत बोलत. भांडण रंगले की दोन्हींत. ओढ्यात कातडी धुण्याविषयी, मैल्याच्या गाड्या कोणत्या रस्त्याने न्याव्यात याविषयी, वेशीबाहेरचे वड तोडावेत की ठेवावेत याविषयी त्या काळात जे जे बोलले गेले, ते सर्व मी ऐकले आहे. आमचा विषय नेहमी शेवटी असे, आणि तो येईपर्यंत सभासद एकेक करून उठून जात. मला पाहून एकजण दरवेळी म्हणे, "आण्णा आले, आता सभा भरली म्हणायची." बाकीचे हसत. वखारीचा व्यापारी स्वतःही सभासद होता. तो मात्र हसत नसे. मोठ्या अदबीने तो मजकडे पानाचा डबा पाठवी. मी पान घेत नसे.

असे किती महिने गेले असतील. मग नवे अध्यक्ष आले. ते वयाने तरुण, कायदा शिकलेले, अर्जांच्या वाचनाची सवय नसलेले. त्यांनी आमचा विषय वर घेतला आणि चिटणीसास अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचावयास लावला. इतकी वर्षे मी लिहीत आलो, परंतु माझा अर्ज भर सभेत पूर्ण वाचलेला मी तोवर ऐकला नव्हता. मी डोळे मिटून बसलो होतो.

वाचन संपल्यावर व्यापारी उठला. तो विरोध करील अशी माझी अटकळ होती, आणि त्याला तोंड देण्याइतका मजकूर मी अर्जात भरून ठेवला होता. पण तो हळू आवाजात म्हणाला, "अर्जदारांचं अक्षर न् अक्षर मला मान्य आहे. पाणी विषासारखं झालं असेल तर ती विहीर एक दिवस उघडी ठेवणं पाप आहे. ती बंद करावी. वेशीपर्यंत आलेला नळ गल्लीच्या तोंडाशी आणायचा खर्च मी देतो." चाळण्याच्या अंगणाविषयी तो काहीच बोलला नाही, आणि दुसऱ्याही कोणी तो शब्द काढला नाही. फुकट येणाऱ्या नळास नको म्हणणारी म्युनिसिपालिटी मी पाहिलेली नाही.

मी उठून उभा राहिलो. कायद्याप्रमाणे मला बोलता येत नव्हते, परंतु अध्यक्षांची नजर मजकडे गेली. त्यांनी सौजन्याने विचारले, "आपल्याला काही सांगायचंय का? अर्जातलं काही कमी करायचंय?"

पाणी पिण्याजोगे आहे, असे तेव्हा म्हणता आले असते. परंतु ते म्हणणे म्हणजे गल्लीतल्या सर्वांचे अंगठे खोट्या कागदावर उठविले असे म्हणणे झाले असते, आणि त्यानंतर माझ्या कोणत्याही अर्जास कोणत्याही कचेरीत किंमत राहिली नसती.

"अर्जात कमी-जास्त काही नाही," मी म्हणालो आणि बसलो.

ठराव एकमताने झाला.

नळ आला त्या दिवशी गल्लीने नारळ फोडला. आक्काने मला गुळाची पोळी आणून दिली आणि दहाजणांच्या देखत म्हणाली की आण्णाच्या लिवण्यानं गंगा दारात आली. विहिरीवर आडव्या फरश्या टाकून चुना भरला. रहाट कोणी काढून नेला ते मला कळले नाही. नळ गल्लीच्या त्या टोकाला, माझे घर या टोकाला. तेथला बोलण्याचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठलो. कोणी उठवले नव्हते.

विहीर पुन्हा उघडून वखारीच्या अंगणास छप्पर घालावे, असा दुसरा अर्ज मी पावसाळा संपल्यावर योजला. अंगठे घेण्यासाठी प्रथम आक्काकडे गेलो. ती कोवळ्या उन्हात लसूण सोलीत बसली होती. तिने माझे सर्व ऐकून घेतले.

"आता हीर कशाला, आण्णा?" ती म्हणाली. "नळाचं पाणी लई ग्वाड हाय. तुमाला पाणी कमी पडतंय काय? सूनबाईला सांगते, रोज एक घागर टाकंल तुमच्यात."

पाणी कमी पडत नाही, असे मी सांगितले. मग हवे तरी काय, असे तिने विचारले नाही. अर्जात कारणाची जागा असते. आरोग्य, नुकसान, रहदारीस अडथळा, ही कारणे कचेरीस समजतात. माझे कारण यांपैकी कशातच बसेना, म्हणून तो कागद कोराच राहिला.

सभांना मी अजूनही जातो. अध्यक्ष बदलले, बाक तोच आहे. वखारीत चाळण्याचे काम चालूच आहे आणि खकाणा आता फरश्यांवर बसतो. पश्चिमेचा वारा असला म्हणजे तो भिंतीवरून घरात येतो, आणि पहाटे अंथरुणात मला ठसका लागतो. खाकरून मी घसा मोकळा करतो आणि सवयीने थोडा वेळ भिंतीकडे कान देऊन पडून राहतो.