अंदमानची तयारी

आमच्या यांना पाण्याखाली डोळे उघडल्यावर एकदा तरी काहीतरी दिसावं, एवढीच हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण असली हौस आमच्या आष्टा भागात दुसऱ्या कुणाला नव्हती, त्यामुळं लोक हसायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य विहिरींच्या तळाशी गेलं, त्यानं आणखी पाणी बघायला चार दिवस बोटीत बसून जायचं, म्हणजे गवंड्यानं सुट्टी काढून भिंती बघायला जाण्यातलाच प्रकार. मीही हसले होते.

आमची शेती उसाची, मी गावच्या शाळेत मास्तरीण. पण पंचक्रोशीत यांना ओळखायचे ते बुडीसाठी. पंपाच्या पाइपाची तळातली जाळी गाळानं बुजली, कुणाची घागर पडली, बैलाच्या गळ्यातली घंटा पडली, की यांना बोलावणं यायचं. हे धोतर सोडून लंगोटावर उतरायचे आणि काम करून वर यायचे. कुणी नारळ द्यायचं, कुणी नुसताच चहा. तळाला अंधारच असतो. गाळ हलला की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, सगळं चाचपडत करायचं. वीस वर्षं बुड्या मारल्या, पण पाण्याखाली काही डोळ्यांनी असं बघितलंच नाही, हे त्यांनी मला एकदा जेवताना सहज सांगितलं. सांगून भाकरी मोडायला लागले. त्यात काही दुःख असेल, असं मला तेव्हा वाटलं नाही.

यांचा चुलतभाऊ नौदलात पाणबुड्या होता. यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पोहायला यांनीच त्याला शिकवलेलं, पाठीला पांगाऱ्याच्या तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत ढकलून. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा तो रजेवर आला आणि ओसरीवर बसून अंदमानच्या समुद्राबद्दल बोलत राहिला. तिथं बुडी मारायला बोट लागत नाही, वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं, असं म्हणाला. चार पावलांवर रंगीत मासे, आणि पाच परस खाली पडलेला खडा वरून मोजून घ्यावा इतकं स्वच्छ पाणी. उभ्या माणसाच्या उंचीएवढी एक परस. आमच्याकडं विहिरी तशाच मोजतात. हे ऐकत होते. चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नाही. मग म्हणाले, "मला जमंल का रं तिथं?"

"दादा, तुमास्नी न्हाई जमणार तर कुणाला?" तो म्हणाला.

ठरलं. ऊस कारखान्याला गेला की माघ-फाल्गुनात निघायचं. मिरजेहून बंगलोर, तिथून मद्रास, मद्रासहून बोट. कुणी वाटाड्या नाही, कुठली कंपनी नाही, सगळं आपलं आपण. दीर तिकडंच नेमणुकीला होता, पण त्याला ड्यूटी असणार. हे एकटेच पाण्यात उतरणार आणि मी किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणार. कपडे सांभाळायला कुणीतरी पाहिजेच, असं हे चारचौघांत म्हणायचे. मला सोडून जायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मात्र कबूल करायचे नाहीत.

दीर परत गेल्यावर त्याची पत्रं सुरू झाली. आंतरदेशीय पत्रावर, बारीक अक्षरात, कडेच्या जागेतसुद्धा लिहिलेली. यांची शाळा दुसरीत सुटलेली. अक्षर लावता यायचं, पण एका ओळीला पाव तास लागायचा. त्यामुळं पत्र मी वाचायचे, हे समोर मांडी घालून ऐकायचे, आणि कामाचं तेवढं मी वहीत उतरून घ्यायचे. कॅनव्हासचे बूट घ्या, तिथला दगड पाय कापतो. पाण्यात शिरण्याआधी अर्धा तास वाळूवर बसून नुसतं पाणी बघा. लाटा फुटतात तिथून शिरू नका. जिथून शिरलात तिथूनच बाहेर यायचं, म्हणून किनाऱ्यावरचं एखादं झाड ध्यानात ठेवा. भरती-ओहोटीवर तर एक पत्र भरून लिहिलं होतं. समुद्र रोज दोनदा मागं सरतो आणि दोनदा परत येतो, ह्यावर यांचा विश्वास बसेना. मोटार न लावता पाणी उतरतंच कसं, असं विचारायचे. मी शाळेतला नकाशा आणून दाखवला. बोटानं दाबलं तर झाकून जातील एवढी बेटं, ती हे बराच वेळ न्याहाळत बसले.

मला सांगितलेलं आवडायचं नाही, सांगायला आवडायचं. मास्तरकीनं लागलेली खोड म्हणा, नाहीतर माहेरचीच. रहिमतपूरला वडील म्हणायचे, ही पोरगी देवालासुद्धा शुद्धलेखन घालील. आणि आमच्याकडं म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढचं माझ्या ह्याच शहाणपणामुळं घडलं.

पाचव्या की सहाव्या पत्रात दिरानं लिहिलं होतं: 'दादा, कानात कापूस, मेण, तेल काही घालू नका. खाली जाताना नाक दाबून हळू फुंकर मारा, म्हणजे कान उघडतात. दुखलं की वर या. जोर करू नका.'

ही ओळ मी वाचली नाही. म्हणजे मनात वाचली, पण मोठ्यानं वाचताना तिच्यावरून पुढं गेले. माझा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत पोहून आला आणि त्याचा कान वाहायला लागला, तो दोन वर्षं वाहत राहिला. रात्रभर रडायचा. उशीला वास यायचा, म्हणून वर्गातली पोरं त्याच्याजवळ बसायची नाहीत, आणि त्याला कमी ऐकू येतं ते कायमचंच. कानात बोळा घातला असता तर असं झालं नसतं, हे आई जन्मभर म्हणत राहिली. मला ते पटलेलं होतं, हाडीमाशी. दीर सरकारी माणूस, त्याला सरकारी डॉक्टर. आमच्या गाळाच्या पाण्याचं त्याला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. ही ओळ वाचली तर हे भावाचंच ऐकतील, हेही मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वाचली नाही.

दिवाळीनंतर विहिरी भरलेल्या होत्या. शेजारच्या मळ्यातली विहीर सगळ्यात खोल, सात परस पाणी. तिथं सराव करायचा ठरला. सकाळी मी खोबरेल तेलात मेण पातळ करून कापसाचे दोन बोळे केले आणि विहिरीच्या पायऱ्यांवर यांच्या कानात स्वतःच्या हातानं बसवायला लागले. त्यांनी डोकं मागं घेतलं. "हे कशापायी? मी तर कवाच घातलं न्हाई."

तुमच्या नेहमीच्या विहिरी तीन-चार परसांच्या, ही सात परस, असं मी म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "कानाचं काय लिवलंय का त्यानं?"

"काही नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

"बरं. तुला जास्त कळतंय," असं म्हणून त्यांनी डोकं पुढं केलं.

बुडी मारली. मी मोजत होते. साठ झाले, ऐंशी झाले. नव्वदीला वर यायचे, ते आले नाहीत. मग पाण्यात खळबळ झाली, हात दिसला, पुन्हा गेला. ते पायरीकडं यायचं सोडून समोरच्या भिंतीकडं चालले होते. काठावर उभ्या असलेल्या मळेवाल्यानं उडी टाकून त्यांना ओढत आणलं. पायरीवर बसवलं तरी हे दोन्ही हातांनी दगड धरून होते, सगळं गरगर फिरतंय म्हणत होते. डाव्या कानातून रक्त आलं होतं, मानेवरून खांद्यापर्यंत. तळाशी गेल्यावर कानात काहीतरी फाटलं आणि वर कुठं, खाली कुठं हेच कळेनासं झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

चार-पाच दिवसांत कान चिघळला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते चिडलेच. बोळ्यामुळं पाण्याचा दाब बाहेरच अडला, आतून कान उघडायला गेलात आणि पडदा फाटला, असं त्यांनी समजावलं. ह्या कानानं आता ऐकू येणं कठीण, आणि इथून पुढं डोकं पाण्याखाली घालायचं नाही. विहिरीत नाही, नदीत नाही. बोळा घालायला कुणी सांगितलं होतं, असंही त्यांनी विचारलं.

मी बाजूच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आमाला कोण सांगणार, सायेब?" ते म्हणाले. "ज्याला ठावं हुतं त्यानं सांगितलं न्हाई."

मला वाटलं होतं, माझं नाव घेतील. त्यासाठी मी तयारही होते. पण माझ्यावरचा दोष त्यांनी उचलून भावावर ठेवला, आणि तो तिथं ठेवलेला मी राहू दिला. परत येताना एसटीत हे खिडकीला टेकून बसले होते. एकदाच बोलले: बूट कुठले घ्यायचे ते लिहिलं, झाड कुठलं बघायचं ते लिहिलं, आणि एवढं लिहायला त्याला सुचलं नाही. मी हुं म्हटलं.

दिराची पुढची तीन पत्रं आली. यांनी ती वाचून घेतली नाहीत, मला उत्तरही लिहू दिलं नाही. ऊस गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. पाणी बघायचं राहिलंच, पण मला रात्रंदिवस टोचायचं ते वेगळंच. पाठीला बिंडा बांधून शिकवलेला भाऊ यांनी मनातून काढून टाकला होता. मी एक वाक्य बोलले असते तर तो परत मिळाला असता. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज शाळेला निघून जायचे.

वैशाखात दीर रजेवर आला. हे भेटायला गेले नाहीत, तेव्हा तोच घरी आला. ओसरीवर बसला. कानाचं त्याला मळेवाल्याकडून कळलं होतं. हे उजवा कान त्याच्याकडं करून बसले आणि म्हणाले, "समदं लिवलंस गड्या. कानाचंच कसं राह्यलं?"

दिरानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर माझ्याकडं आली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं असेल ते असो, त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली.

"चुकलंच माजं, दादा," तो म्हणाला. "राहून गेलं ध्यानातनं."

त्या माणसानं माझ्यासाठी खोटं बोलावं, हे मला सोसवलं नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि यांना म्हणाले, भावजींनी लिहिलं होतं. मी वाचलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं सांगितलं. आत जाऊन ट्रंकेतून ते पत्र काढून आणलं.

हे म्हणाले, "वाच. पयल्यापास्नं."

मी वाचलं. तब्येतीपासून, हवेपासून, सगळं. ती ओळही वाचली. त्यांनी हात वर केला आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग दिराला म्हणाले, जेवून जा. दोघं भाऊ पानावर एकमेकांशेजारी बसले, दीर यांच्या उजव्या बाजूला. मला त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि पुढंही ह्या गोष्टीवरून हे मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

श्रावणात दिराचं पत्र आलं. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं. मी सवयीनं हात पुसून, पत्र घेऊन यांच्यासमोर बसले. त्यांनी हात पुढं करून ते माझ्याकडून घेतलं, स्वतः फोडलं आणि उजेडाला, दाराशी जाऊन बसले. एकेक अक्षर बोटानं लावत मोठ्यानं वाचायला लागले. मी उठून चुलीपाशी गेले. एका जोडाक्षरापाशी ते अडले. परत मागं गेले, परत तिथंच अडले. मागच्या-पुढच्या शब्दांवरून मला तो शब्द कळला होता, ओठांवर आला होता. त्यांचा चांगला कान माझ्याच बाजूला होता. मी गप्प राहिले.