दोनशेची मर्यादा

गेवराईच्या बाहेर, हमरस्त्यालगतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मनिषा सर्व्हर सांभाळायची. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. ती हंगामी वसतिगृहात राहून शिकली, पुण्याच्या एका कंपनीत चार वर्षं युनिक्स मशीनं सांभाळली आणि वडिलांची कंबर गेल्यावर परत आली.

कॉलेजचं मशीन जुनं होतं आणि त्यावर तीनशे पोरं काम करायची. मनिषानं आल्या आल्या पहिलं काम केलं ते मर्यादा घालण्याचं. मशीनवर चालू असलेल्या एकेका कामाला प्रोसेस म्हणतात. साध्या वापरकर्त्याला एका वेळी जास्तीत जास्त दोनशे प्रोसेस, ठरावीक मेमरी, ठरावीक फायली. त्यापुढं मशीनच नाही म्हणायचं. ही हद्द वाढवायची तर फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याला; ते मनिषाकडं होतं. पोरं कुरकुरायची. ती म्हणायची, "एकाचा प्रोग्राम बिघडला तर त्याचं एकट्याचंच काम अडावं. बाकीच्यांचं काऊन अडावं?"

त्याच मशीनवर भोईटाकळीच्या तलावाचं काम चालायचं. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी तलावाच्या भिंतीवर पाणी मोजायचं यंत्र बसवलं होतं. दर दहा मिनिटांनी मशीनवर एक छोटी प्रोसेस सुरू व्हायची, पातळी वाचायची आणि बंद व्हायची. पाणी खुणेच्या वर गेलं तरच तलावाखाली नदीकाठी असलेल्या गावातल्या फोनवर निरोप जायचा. दोन पावसाळे निरोप वेळेवर गेले. गाव निर्धास्त झालं. निरोप आला नाही म्हणजे धोका नाही, असं लोक धरून चालू लागले. मनिषाला हे आवडत नव्हतं, पण ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला रविराज तिच्याकडे आला. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांचा हा नातू, तिसऱ्या वर्षाला. पोरगा वाईट नव्हता. फक्त नाही हा शब्द त्यानं फारसा ऐकलेला नव्हता.

"मॅडम, माझा प्रोजेक्ट दोनशेवर अडतोय. माझ्यापुरती लिमिट काढा ना."

"प्रोग्राम दाखव. कुठं अडतंय बघू. लागलं तर तीनशे करते."

त्यानं प्रोग्राम दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. खोलीत विठ्ठलराव बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मनिषाबाई, तुमचे वडील रामहरी ना? लई कष्टाळू माणूस. कसे हायेत आता?"

"बरे हायेत, आबासाहेब."

"पोराचं तेवढं काम करून टाका. आपल्याच घरचं मशीन हाय."

मनिषा म्हणाली, "आबासाहेब, त्या मशीनवर तलावाचं काम चालतं. एका खात्याला मोकळं सोडलं तर समदं मशीन बसू शकतं."

विठ्ठलराव हसले. "बसलं तर उठवा. त्याच्यासाठीच तुमी हायेत."

तिनं धोका काय आहे ते एका कागदावर लिहिलं, प्राचार्यांची पोच घेतली आणि मग रविराजच्या नावापुढं 'अनलिमिटेड' लिहिलं. 

आठवडाभर काही झालं नाही. पण रोज सकाळी ती मशीनवरचा भार बघायची तेव्हा रविराजच्या खात्यावर कधी सहाशे प्रोसेस दिसायच्या, कधी हजार, मग आपोआप उतरायच्या. तिनं त्याला हटकलं. तो म्हणाला, "संपतात की मॅडम." पाऊस तीन दिवस धरून होता. वर्गात दिवसाही दिवे लावावे लागत होते.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला, जेवणाची सुट्टी संपल्यावर, प्रयोगशाळेतून पोरांचा कालवा आला, "मॅडम, लॉगिन होईना!" मनिषानं आपल्या पडद्यावर चालू प्रोसेसची साधी यादी मागितली. उत्तर आलं: नवी प्रोसेस सुरू करता येत नाही.  रविराजचा प्रोग्राम स्वतःच्याच प्रती काढत सुटला होता. त्यानं मशीनवरच्या सगळ्या जागा खाल्ल्या होत्या, अगदी रूटलाही एक उरली नव्हती. आणि तलावाची पातळी वाचायला दर दहा मिनिटांनी नवी प्रोसेसच लागायची.

मशीन बंद करून चालू करावं तर जुन्या डिस्का तपासण्यात तासभर गेला असता. सकाळपासून उघडी असलेली रूटची एक खिडकी तेवढी तिच्या हातात होती. त्या खिडकीत आज्ञा घेणाऱ्या शेल या प्रोग्राममध्येच असलेल्या चार-दोन आज्ञा नवी प्रोसेस न मागता चालतात. प्रोसेस मारण्याची, म्हणजे बंद पाडण्याची, आज्ञा त्यातलीच एक. पण एक मारली की दुसरी दोन काढायची. म्हणून तिनं आधी रविराजच्या एकेक प्रोसेसला नुसतं गोठवलं. सगळ्या गोठल्यावर मग मारल्या. दारात रविराज उभा होता. ती त्याच्याकडे न बघता टाईप करत राहिली.

तीन चाळीसला मशीन मोकळं झालं आणि तलावाचं काम लगेच चाललं. पाणी खुणेच्या सव्वा मीटर वर होतं. शेवटची नोंद एक पन्नासची होती. एकदम सगळ्या फोनवर निरोप गेले.

मनिषानं भोईटाकळीच्या बंकटला फोन लावला. निरोप गावभर पोचवायचं काम तोच करायचा.

"बंकटभाऊ, नदीकाठ खाली करा. आत्ता."

"ताई, आत्ता सांगताय?" तिकडून पाण्याचाच आवाज येत होता. "पाणी म्हसोबाच्या वट्याला लागलंय. मानसं काढलीत आमी. आमचा सटवा नदीवरची मोटर काढायला गेलता. निरोप न्हाई म्हणला, तासभर तरी काय होत न्हाई म्हणला."

"मग?"

"दिसंना ताई."

सटवा तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली बाभळींत सापडला.

चौकशी झाली. प्राचार्यांनी तयार कागद पुढं केला: मर्यादा सर्व्हर विभागाच्या सल्ल्यानं काढली. मनिषानं सही केली नाही. आपल्या पत्राची पोच टेबलावर ठेवली. चौकशी अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि परत दिली. अहवालात अतिवृष्टी हे कारण आलं. पंधरा दिवसांत तिची परीक्षा विभागात बदली झाली, पासवर्ड काढून घेतला. रविराजला पुण्याला पाठवलं. जाण्याआधी तो जिन्यात तिला भेटला. "मॅडम, त्या माणसाचं घर कुठंय?" एवढंच विचारलं. तिनं सांगितलं. तो गेला की नाही, तिला कळलं नाही.

जाताना तिनं मर्यादा सगळ्यांना पुन्हा घातल्या होत्या, रविराजलासुद्धा. नव्या माणसाला, उत्तरेश्वरला, तिनं सगळं समजावून दिलं. महिन्याभरानं त्याचा फोन आला. आवाज हळू होता.

"ताई, त्या लिमिटच्या फाईलीत तीन नावांपुढं अनलिमिटेड हाय. तुमी केलतं का?"

"न्हाई. कुणाची नावं?"

त्यानं सांगितली. तिघंही संस्थेच्या संचालकांच्या घरचे.

"मी न्हाई केलं ताई. म्हंजे पासवर्ड अजून कुणाकडं तरी हाय."

"काढून टाका. काढल्याचं लेखी ठेवा."

 उत्तरेश्वर म्हणाला, "माझी दोन लेकरं हायेत, ताई. बघतो."

रविवारी मनिषा एसटीनं भोईटाकळीला गेली. पारावर बंकट आणि दहा-बारा माणसं जमली. तिनं त्यांना सगळं सांगितलं, नावं न गाळता. सटवाची बायको मागं भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "आता तरी मशीन सांगंल का?"

"भरवसा धरू नका," मनिषा म्हणाली. "पाऊस लागला की भिंतीवर माणूस बसवा."

 मग बंकटनं वहीचं पान फाडलं आणि पाळ्या लिहायला घेतल्या. पहिलं नाव कुणाचं घालायचं यावर थोडी कुजबुज झाली. सटवाच्या बायकोनं आपलं नाव सांगितलं. उत्तरेकडून आभाळ परत भरून येत होतं.