काकांच्या डब्यातल्या तीन सिगारी

आईला फोनवर सांगणार होतो, नाही सांगितलं. सोबतच्या गड्यांना तर नाहीच. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय, आणि तेही तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — ओळखत असतात तर धीर झाला असता का?

मी लातूरकडचा. आठवीत शाळा सोडली. देवगडजवळच्या एका आंब्याच्या बागेत कामाला आलो तो इथलाच झालो. बाग काकींची — मालकीणबाई, पण सगळे काकीच म्हणतात. पहिल्याच वर्षी तापानं फणफणलो तेव्हा त्यांनी मला गड्यांच्या खोलीतून उचलून पडवीत आणवलं, चार दिवस उशाशी बसल्या. मला ‘झिला’ म्हणतात — म्हणजे मुला. परक्या मुलखात एवढं कोण करतं? हे आधी सांगतोय, कारण मी काय केलं ते कळायच्या आधी कुणाच्या घरात केलं ते कळू दे.

काकींचे यजमान बोटीवर होते. ते वारले. शेवटच्या फेरीत त्यांनी मेक्सिकोहून सिगारींचा लाकडी डबा आणला होता. तिकडच्याच तंबाखूच्या — जाड, काळपट, वास ओल्या मातीचा आणि थोडा गुळाचा. आता, इथल्या बागेला राखणदार असतो. माणूस नव्हे, कुंपणाजवळचा दगड, त्यात देव. आंबा उतरवण्याआधी त्याला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात — म्हणजे मोठ्यानं साकडं — आणि विडी पेटवून ठेवतात. आमच्याकडे काकांच्या आठवणीनं विडीऐवजी त्या डब्यातली एक सिगार. वर्षाला एकच.

ती पेटवायचे दाजी. शेजारचे, काकांबरोबर बोटीवर राहिलेले. गाऱ्हाणंही तेच घालायचे. मी आलो त्या वर्षी मध्येच थांबून म्हणाले, “आणि घाटावरसून इलेल्या ह्या झिलाक पण सांभाळ रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” माझं नाव त्याआधी कुठल्या देवापुढे कुणी घेतलं होतं, मला आठवत नाही.

आणि मी काय केलं?

तो वास डोक्यातून जाईना. एवढ्या लांबून आलेला तंबाखू — लागत असेल तरी कसा? काकी पेन्शनच्या कागदासाठी एसटीनं ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या, घर माझ्यावर टाकून. मी डबा उघडला, एक सिगार घेतली, बागेतल्या पंपाच्या खोपीत गेलो. भर दुपार. पेटवली, ओढली — धूरच येईना! गाल दुखेपर्यंत ओढली. एक टोक बंद असतं, ते आधी तोडायचं असतं, हे मला कोण सांगणार? दाजी दातानं तोडायचे, पण दगडाकडे तोंड करून. आम्ही मागे हात जोडून उभे. चिडून मी ती चुरगळली.

तिथं थांबायला हवं होतं ना? काकी पुन्हा ओरोसला गेल्या, मी दुसरी घेतली. तिचं टोक कोयत्यानं उडवलं, तर पानं सुटून सगळी हातात. तिसरीला ब्लेड लावलं. पेटली. मी विडीसारखा धूर छातीत ओढला — आणि पंपाला धरून ओकलो. चव? चव कळलीच नाही. एवढं करून साधी सिगार ओढता येत नाही, याचीच चीड. चोरीचं तेव्हा मनातही आलं नाही.

आंबा उतरवायच्या आदल्या दिवशी काकींनी डबा उघडला, तर तीन सिगारी कमी. दाजी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसले होते. मी आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतो.

“दाजीनू, तुमका व्हये हुते तर मागूचे हुते. देवाचो जिन्नस तो.”

दाजींना थट्टा वाटली. “वयनी, ह्या वयात माका चोर करतास?”

“मग कोण? चिरूट वढूक तुमका सोडून हय कोणाक येता? ह्या झिलाक? तेका विडीपलीकडे काय म्हायत!”

दाजी माझ्याकडे वळले. बघत राहिले. मी ठोकत राहिलो. खिळा वाकला तरी ठोकत राहिलो.

“मी हात लावक नाय, वयनी. पुढे तुमका काय म्हणाचा ता म्हणा,” म्हणाले. चपला घातल्या, गेले. परत आले नाहीत. गाऱ्हाणं आता वाडीतला दुसराच कुणीतरी घालतो.

उद्या सांगू, आंबा संपल्यावर सांगू — अशी सहा वर्षं. काकी हाकलतील ही भीती होती. हाकललं असतं का? माहीत नाही. मी विचारलंच कुठे?

गेल्या महिन्यात काकी पडून होत्या. मी पाय दाबत होतो. आपणहूनच बोलल्या, “दाजीनी एकदा म्हटल्यानी असता ना, ‘वयनी, चुकलंय’, तर मीच हाक मारून बोलावलं असतंय. तीन चिरूट ते काय मोठे? पण तोंडावर खोटा बोलले, ता लागला.”

मी म्हणालो, “काकी, दुसरा पाय द्या.”

दाजी खोटं बोलले नव्हते.