सुधाचा एमआरआय एक दिवस थांबला

सुधा गेली, आणि माझ्याकडे भेटायला सगळ्यांत आधी माईच आल्या. सुधाची नणंद. दारातूनच सुरू, "सवाष्ण गेली हो, भाग्याची!"

भाग्याची म्हणे.

पाण्याचा ग्लास त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. दिला हातात.

नातीने फोनवर लिहायला शिकवलंय, म्हणून लिहिते. ती म्हणते, "नानी, गुस्सा मत लिखो."

लिहिणार.

सुधा माझी धाकटी बहीण. इंदिरा नगरात राहायची. सगळा जन्म लखनौत गेला, तरी सब्जीवाल्याशी भांडण मराठीतच. त्याला ओ की ठो कळायचं नाही, पण भाव कमी करायचा. मला हसू आवरायचं नाही.

तिला शुगर होती. आधी नाक चोंदलं, मग गाल सुजला, मग एक डोळा उघडेना.

डॉक्टर म्हणाले, नाकाच्या आतल्या पोकळीत बुरशी झालीये.

मी म्हटलं, बुरशी तर लोणच्याला येते!

"माताजी, शुगरवालों को यहाँ भी होती है। दिमाग़ तक पहुँची कि नहीं, एमआरआई में दिखेगा। आज ही कराइए।"

मशीनच्या खोलीबाहेर सांगितलं, आत मोठं चुंबक आहे, अंगावर धातू नको. बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं, जोडवी साबण लावून काढली.

मंगळसूत्राला हात लावला, तर माईंनी माझा हात धरला.

"नवरा हयात असताना? मनोहरला येऊ दे. तो काढेल."

मनोहरराव रेल्वेत इंजिनियर, लाइनवर गेलेले. फोन लागेना.

मी म्हटलं, "काळे मणी दोऱ्यात ओवून घालते. गळा रिकामा राहणार नाही."

"वाट्यांशिवाय मंगळसूत्र कसलं ते?"

सुधाच म्हणाली, "अक्का, राहू दे गं. उद्या करू." डोळा ठणकत होता, तरी नणंदेचा मान.

आमचा नंबर दुसऱ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव आले. "माई, एवढ्यासाठी थांबवलंस तिला?" म्हणाले, आणि मंगळसूत्र काढून खिशात टाकलं. संपलं.

एमआरआयमध्ये दिसलं, बुरशी डोळ्यामागून मेंदूत शिरली होती.

डॉक्टर चिडले. "मैंने कल ही कहा था न? यह रुकती नहीं है।"

ऑपरेशन केलं. डोळा काढला. तरी गेली.

नेताना सवाष्ण म्हणून तिच्या गळ्यात पुन्हा घातलेलं मंगळसूत्र माईंनीच उतरवलं. "सोनं कशाला जाळायचं?"

तेव्हा कुणाची वाट बघितली नाही त्यांनी.

बायांनो, डॉक्टर आज म्हणाले तर आजच. गळ्यातलं शेजारणीच्या मुठीत द्या आणि आत जा. नणंदेला बाहेर रुसू दे.

सुधे, नीट जा गं. अक्काला राग गिळता येत नाही, एवढं सांभाळून घे.

माई रविवारी पुन्हा येते म्हणाल्यात. तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घालायची आहे.