ताप लिहून आणा

आमच्या दूध सोसायटीत माणसाला एकच आजार होत असे, ताप. कुणाला मुलगी बघायला जायचं असो, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न असो की कुणाची रात्रीची उतरलेली नसो, माणूस केजच्या कुठल्यातरी दवाखान्याचा दाखला घेऊन यायचा आणि त्यावर ताप. सचिव तो कागद न बघताच फायलीला लावायचे. इतक्या तापलेल्या सोसायटीत दूध नासत कसं नाही, असं मी एकदा म्हणाले होते. ते सचिवांना आवडलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दूध आटलं, म्हणून सोसायटीनं चारा छावणी घेतली आणि दूध मोजणाऱ्या आम्हाला चारा मोजायला लावलं. नांदूरघाटच्या अलीकडच्या माळावर जनावरांच्या रांगा, वर पाचटाचं छप्पर. सकाळपासून उसाच्या वाढ्याचे भारे वाटायचे आणि घरी आलं की टँकरवरून घागरी आणायच्या. मला तिसरा महिना होता. एका दुपारी छावणीतच गर्भ गेला. उन्हात उभं राहून गेला का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर तसं सांगता येत नाही म्हणाल्या. मलाही सांगता येत नाही. पण राग आला होता, एवढं खरं.

या डॉक्टरीणबाई केजच्या. अंगात रक्त नाही, ओझं उचलायचं नाही, सहा आठवडे आराम, असं त्यांनी बजावलं. कायद्यानं तेवढी रजा मिळते, हेही सांगितलं. मग पेन उघडून थांबल्या.

"काय लिहू? बऱ्याच जणी ताप लिहा म्हणतात."

"तापाला सहा आठवडे देतात का?"

"नाही."

"मग जे झालं ते लिहा. आणि मराठीत लिहा. इंग्रजी दिसलं की आमचे सचिव त्याला तापच म्हणतात."

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. हसल्या असाव्यात.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, धा गड्यांत वाचतेत तो कागद. ताप लिहून आण. इज्जतीचं हाय." नवरा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे तो प्रत्येक बाबतीत म्हणतो आणि जागचा हलत नाही.

सासूबाईंचं खोटं नव्हतं. आमच्याकडे मोठ्या रजेचे अर्ज संचालकांच्या बैठकीत मोठ्यानं वाचायची पद्धत होती. दाखला द्यायला गेले तेव्हा सचिवांनी तो वाचला आणि इकडंतिकडं बघून घडी घातली. "ताई, ताप लिहून आणा ना. बरं दिसतं." मी म्हणाले, "दिसण्यासाठी रजा मागत नाही मी."

बैठकीच्या दिवशी मी पडून राहायला हवं होतं. पण माझ्यामागं काय वाचलं जाईल याचा भरवसा नव्हता. त्या दिवसांत बैठक छावणीतच व्हायची, छपराखाली सतरंजी टाकून. जाऊन कडेला बसले. आधी जनावरांचे विषय निघाले. एका म्हाताऱ्या संचालकांची म्हैस गाभडली होती, पोटातलं रेडकू गेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांचा कागद सचिवांनी खणखणीत आवाजात वाचला: म्हैस गाभडली आहे, अशक्त आहे, विश्रांती द्यावी, जादा पेंड द्यावी. सगळे हळहळले.

"लई चांगली म्हैस," चेअरमन म्हणाले. "सावलीला बांधा तिला. उठवू नका कुणी."

मंजूर. चहा आला. मग सचिवांनी माझा कागद काढला, घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, "ताईंचा अर्ज. तापाचा दाखला हाय."

मी बघतच राहिले. स्वच्छ मराठीत लिहिलेला कागद हातात धरून हा माणूस ताप वाचत होता! त्यांच्या परीनं ते मला झाकत होते, हे मला आज कळतं. तेव्हाही कळलं असतं तरी मी गप्प बसले नसते, कारण त्या झाकण्यात माझी रजा चालली होती.

"तापाला सहा आठवडे कावून?" चेअरमन म्हणाले. "चार दिवस लई झाले. सोमवारपासून छावणीवर या."

मी उठले. "सचिवसाहेब, नीट वाचा."

"ताई, ऱ्हाऊ द्या..."

कागद त्यांच्या हातातून घेतला आणि मीच वाचला. गर्भपात. तो शब्द उच्चारताना माझा आवाज फाटला, पण उच्चारला. संचालक खाली बघायला लागले. एकजण उगाच सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"बाईमाणसानं असं चारचौघांत..." चेअरमननी सुरुवात केली.

"मगाशी म्हशीचं वाचलं, तेव्हा कुणी खाली बघितलं न्हाई, साहेब. तिला सावली दिली, पेंड दिली. मला पेंड नको. सावली तेवढी द्या."

बसावंसं वाटत होतं, पण बसले नाही. शेवटी म्हशीचे मालकच घसा साफ करून म्हणाले, "द्या की. खरंच बोलतीया लेकरू." चेअरमन माझ्याकडं न बघता सचिवांना म्हणाले, "लिहा, मंजूर."

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या.

"वाचला का कागद?"

"मी वाचला."

आता आकाशपाताळ एक करतील असं वाटलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. "काय लिहिलंय त्याच्यात? मला बी वाचून दाव." मी वाचून दाखवलं. दाखल्याची एक प्रत माझ्याकडं होती.

"माझे दोन गेलते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी खुरपायला गेलते मी. मला कुणी ताप आलाय बी म्हनलं न्हाई."

एका चुलीवर आम्ही दोघी इतकी वर्षं स्वयंपाक करत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. कुणावर, ते एका माणसाचं नाव घेऊन सांगता येणार नाही.

तेवढ्यात वेशीत टँकरचा हॉर्न वाजला. मी सवयीनं घागरीकडं वळले, तर ती सासूबाईंनी आधीच उचलली होती. त्यांनी ती नेऊन भिंतीला टेकून बसलेल्या आपल्या लेकाच्या मांडीवर ठेवली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तिची रजा मंजूर झाली."