ह्यांच्या वाटचा जांब

सकाळी दूधवाल्याच्याही आधी पुंडलिकनगरातल्या आमच्या दारात कोण उभं? शेजारच्या काकू, हातात रिकामी बादली. "भाऊ, सालटं टाका!" टोलनाक्यावरचा माणूसही इतक्या हक्कानं हात पुढं करत नाही.

भाजीची सालटं, देठ, चहाचा चोथा, सगळं त्या अंगणातल्या खड्ड्यात कुजवून पेरूच्या बुडाशी घालत. मी मुद्दाम डिवचायचो, "काकू, झाडाचं अंग उन्हातून आणि हवेतून बनतं म्हणे."

"अन् हवेत कुठनं येतंय? इथं सडतंय, तवाच वर जातंय ना?" त्या बादली आपटत.

थंडीत पेरू वाटताना त्या प्रत्येक फळाचं कुळ सांगत. "हा जांब तुमच्या दुधीचा. हा कोपऱ्यावरच्या वहिनींच्या मेथीचा."

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या यजमानांनी अंथरूण धरलं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "घ्या, अजून एक घास." मग भरली वाटी घेऊन त्या खड्ड्याकडं जायच्या. पोळ्याच्या आधीच ते गेले.

यंदा थंडीत काकू एकच पेरू घेऊन आल्या. मी सवयीनं विचारलं, "हा कुणाचा? आमच्या दुधीचा?"

"ह्यांच्या पेजेचा," त्या म्हणाल्या. "खाल्लीच नाय त्यांनी. मला गिळवत नाय, भाऊ. तुम्ही खा."

मी दारातच खायला लागलो. निम्म्यावर मी थांबलो, तशा त्या पदर सावरत पुढं वाकल्या.

"घ्या," म्हणाल्या, "अजून एक घास."